स्वतःच्या सोबतीला बसताना

डॉ. अब्राहम ट्वेर्स्की कामानं पार थकले होते. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात एका मोठ्या मानसोपचार विभागाची जबाबदारी त्यांच्या अंगावर होती. रात्रीअपरात्री फोन, सतत कुणीतरी दारात उभं, आणि त्यात पाठदुखी मागे लागलेली. शेवटी आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज या गावी, गरम पाण्याच्या झऱ्यांवर उपचार घ्यायला ते गेले. तिथे एका लहानशा खोलीत, फेसाळत्या गरम पाण्याच्या टबात त्यांना बसवलं. फोन नाही, पेशंट नाही, हातात पुस्तक नाही. पाच-सहा मिनिटं त्यांना स्वर्गसुख वाटलं. मग ते उठून बाहेर आले. तिथल्या सेवकानं त्यांना परत पाठवलं. ठरलेला वेळ टबात काढल्याशिवाय पुढचा उपचार होणार नव्हता. ते परत जाऊन बसले, आणि थोड्याच वेळात त्यांचा जीव कासावीस झाला. ज्या निवांतपणासाठी एवढा प्रवास केला, तोच सोसवेना.

परतल्यावर त्यांनी हा प्रसंग एका मानसशास्त्रज्ञाला सांगितला. त्यानं जे सांगितलं त्याचा आशय असा होता, की बहुतेक माणसं विश्रांती घेतात म्हणजे मन कशात तरी गुंतवतात. कुणी वाचतं, कुणी खेळतं, कुणी टीव्ही बघतं. त्या टबात गुंतवायला काहीच नव्हतं. तिथे डॉक्टरांच्या सोबतीला फक्त डॉक्टर होते, आणि ती सोबत त्यांना आवडली नाही.

ही गोष्ट ट्वेर्स्की पुढे आयुष्यभर सांगत राहिले, स्वतःला जराही न वाचवता. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्यात उणं काढायला जागा नव्हती. १९३०मध्ये मिल्वॉकी शहरात, हसिदी परंपरेतल्या नामांकित रबाय घराण्यात (रबाय म्हणजे ज्यू धर्मगुरू) त्यांचा जन्म झाला. आधी ते स्वतः रबाय झाले, मग डॉक्टर आणि मग मानसोपचारतज्ज्ञ. लांब दाढी आणि काळा कोट अशा वेशातला हा ज्यू धर्मगुरू पिट्सबर्गच्या सेंट फ्रान्सिस रुग्णालयात, म्हणजे कॅथलिक नन्सनी चालवलेल्या संस्थेत, मानसोपचार विभागाचा प्रमुख होता. १९७२मध्ये त्यांनी व्यसनमुक्तीसाठी गेटवे हे केंद्र सुरू केलं. साठाहून अधिक पुस्तकं लिहिली. जानेवारी २०२१मध्ये कोविडनं त्यांचं निधन झालं. एवढं सगळं करणाऱ्या माणसाला आपण कमी आहोत असं आतून वाटत होतं, आणि ते त्याचं त्यालाच पत्त्यात नव्हतं.

त्यांच्या पुस्तकांचा मोठा भाग या एकाच प्रश्नाभोवती फिरतो. त्यांचं म्हणणं असं, की कमीपणाची भावना ही बहुतेक वेळा अंगातल्या उणिवेतून येत नाही, ती स्वतःकडे चुकीच्या नजरेनं पाहण्यातून येते. जत्रेतल्या वेड्यावाकड्या आरशापुढे उभं राहून आपली उंची ठरवावी, तसा हा प्रकार आहे. व्यसनात अडकलेल्या शेकडो माणसांमध्ये त्यांनी हे पाहिलं. त्यातली बरीच माणसं हुशार होती, कर्तबगारही होती, आणि मनातल्या मनात स्वतःला टाकाऊ ठरवून बसलेली होती. त्यावरचा उपाय शोधताना त्यांनी मानसशास्त्र वापरलं, तसंच लहानपणी वडिलांकडून ऐकलेल्या ज्यू शिकवणीलाही हात घातला. ती शिकवण काय आहे आणि विज्ञानाच्या कसोटीवर तिचं काय होतं, हे पाहण्यासारखं आहे.

आधी विज्ञानाची बाजू. आत्मसन्मानाची एक जुनी व्याख्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९०मध्ये केली होती. ती अगदी गणिती होती. मिळालेल्या यशाला अपेक्षांनी भागा, जे उरेल तो आत्मसन्मान. वाचायला हे पटतं. पण या हिशोबात एक धोका आहे. यश रोज बदलतं, मग माणसाची किंमतही रोज बदलायला लागते. जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च शिक्षणासाठी प्रवेशअर्ज केलेल्या विद्यार्थ्यांची दिवसांमागून दिवस नोंद ठेवली. विद्यापीठाकडून होकार आला की आत्मसन्मान वर जाई आणि नकार आला की खाली येई, हे अपेक्षितच होतं. पण ज्यांनी आपली सारी किंमत अभ्यासातल्या यशावर टांगली होती, त्यांच्यात हे हेलकावे जास्त मोठे होते. ज्यांच्या घरात दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस येऊन गेला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ज्यू शिकवणीतला हिशोब नेमका इथेच वेगळा आहे. माणसाची किंमत तिथे कमवायची नसते. ती आधीच दिलेली असते, आणि कष्ट त्यानंतर सुरू होतात.

मिश्ना हा ज्यू कायद्याचा ग्रंथ इसवी सन २००च्या सुमारास संकलित झाला. त्यात देहदंडाच्या खटल्यातल्या साक्षीदारांना बोलण्याआधी काय ताकीद द्यायची, याचं वर्णन आहे. माणूस एका साच्यातून अनेक नाणी पाडतो आणि ती सगळी एकसारखी निघतात. देव मात्र सगळी माणसं पहिल्या माणसाच्या साच्यातून काढतो, तरी एक दुसऱ्यासारखा निघत नाही. म्हणून प्रत्येक माणसानं हे जग आपल्यासाठी निर्माण झालं असं समजलं पाहिजे, असा त्या ताकिदीचा रोख आहे. हा विचार कुठे आला आहे, हे विसरता कामा नये. तो प्रार्थनेत किंवा प्रवचनात आलेला नाही. तो न्यायालयात आला आहे, जिथे आरोपी कदाचित गुन्हेगारही असेल. म्हणजे गुन्हा सिद्ध होण्याआधी आणि नंतरही माणसाची मूळ किंमत शाबूत राहते, हे गृहीत धरलेलं आहे. रोज सकाळी उठल्यावर म्हणायच्या प्रार्थनेतही हीच कल्पना येते. देवानं दिलेला आत्मा शुद्ध आहे, या गोष्टीनं दिवसाची सुरुवात होते. आदल्या दिवशी काय घडलं त्याचा जाब तिथे कुणी विचारत नाही.

यातून अहंकार वाढणार नाही का? ही शंका त्या परंपरेतही लोकांना आलीच. पोलंडमधल्या प्शिसुखा गावचे रबाय सिम्खा बुनिम (१७६५–१८२७) यांच्या नावावर त्याचं एक प्रसिद्ध उत्तर सांगितलं जातं. माणसानं दोन खिशांत दोन चिठ्ठ्या ठेवाव्यात. एकीवर जग माझ्यासाठी निर्माण झालं असं लिहिलेलं असावं, आणि दुसरीवर मी माती आणि राख आहे असं. कुठल्या वेळी कुठल्या खिशात हात घालायचा, हे ओळखण्यात सगळं कसब आहे. मन खचलेल्या माणसानं मातीची चिठ्ठी वाचू नये आणि चढून गेलेल्यानं दुसरी वाचू नये. आपल्यापैकी बहुतेकांचा हात चुकीच्या वेळी चुकीच्या खिशात जातो, ही गोष्ट वेगळी. ज्यू परंपरेत सगळ्यात नम्र माणूस म्हणून मोशेचं नाव घेतात, आणि तोच मोशे इजिप्तच्या राजासमोर उभा राहून आपल्या लोकांची सुटका मागतो. नम्रता म्हणजे अंग चोरून उभं राहणं, हा अर्थ त्यामुळे तिथे टिकत नाही.

गेल्या शतकात आत्मसन्मानावर एक मोठा सार्वजनिक प्रयोग झाला, तो कॅलिफोर्नियात. १९८६मध्ये त्या राज्यानं आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कृतिदल नेमलं. गुन्हे, व्यसन, शाळेतली गळती अशा सगळ्या प्रश्नांवर हाच तोडगा आहे, अशी त्यामागची आशा होती. १९९०मध्ये अहवाल आला आणि शाळाशाळांतून मुलांना तू खास आहेस, असं शिकवण्याची लाट आली. २००३मध्ये रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा त्या लाटेतली बरीच हवा निघून गेली. उंच आत्मसन्मान असलेली माणसं जास्त आनंदी असतात आणि अपयशानंतर जरा जास्त चिकाटी दाखवतात, एवढं खरं निघालं. पण नुसता आत्मसन्मान फुगवल्यानं मुलांचे गुण वाढतात, असं काही दिसलं नाही. उलट चांगला अभ्यास झाला की त्यातून आत्मसन्मान येतो, असंच चित्र दिसत होतं.

२००९मध्ये कॅनडातल्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गमतीची, खरं तर थोडी क्रूर गोष्ट दाखवून दिली. आपण प्रेम करण्याजोगे आहोत, अशा अर्थाचं वाक्य त्यांनी लोकांना मनाशी घोळवायला लावलं. ज्यांचा आत्मसन्मान आधीच चांगला होता, त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचा कमी होता, म्हणजे ज्यांना या वाक्याची गरज होती, त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. कारण समजण्यासारखं आहे. मन खोटं पकडतं. एवढं मोठं वाक्य समोर ठेवलं की ते लगेच विरुद्ध पुरावे गोळा करायला लागतं.

एक चांगला बिंदू

याच अडचणीवर दोनशे वर्षांपूर्वी युक्रेनमधल्या एका तरुण रबायनं वेगळी वाट काढली होती. ब्रेस्लोवचे रबाय नाखमान (१७७२–१८१०) हे हसिदी पंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव यांचे पणतू. त्यांना स्वतःला उदासीचे खोल झटके येत. ते पडत, सावरत आणि परत सुरुवात करत. क्षयानं वयाच्या ३८व्या वर्षी उमान या गावी त्यांचं निधन झालं. आजही ज्यू नववर्षाला त्यांच्या समाधीपाशी हजारो लोक जमतात.

‘लिकुते मोहरान’ या त्यांच्या ग्रंथातली २८२वी शिकवण आत्ममूल्याविषयीच आहे. दुसऱ्या माणसात काही तरी चांगलं शोधा, इथून ती सुरू होते. कितीही वाईट दिसणाऱ्या माणसात एखादा तरी चांगला बिंदू असतोच, आणि तो शोधून पाहणाऱ्याच्या नजरेनं तो माणूस खरोखर बदलायला लागतो. मग नाखमान तीच नजर स्वतःकडे वळवायला सांगतात, आणि इथे त्यांना मनाची चांगलीच ओळख आहे हे कळतं. माणूस स्वतःत चांगलं शोधायला बसला, की काहीच सापडत नाही. एखादं चांगलं काम आठवलंच, तर मन म्हणतं की ते दिखाव्यासाठी केलं होतं, त्यातही स्वार्थ होता, तेही अर्धवटच होतं. नाखमान हा आक्षेप खोडत नाहीत. असेलही, म्हणतात. तरीही त्या कामात कुठेतरी एखादा कण चांगला असणारच. तो कण धरायचा. मग दुसरा शोधायचा, मग तिसरा. वाद्यातले नेमके सूर वेचून जशी चाल बांधतात, तशी या कणांची चाल बांधायची.

वुडच्या प्रयोगातल्या वाक्याशेजारी हे ठेवून पाहिलं की फरक डोळ्यांत भरतो. मी प्रेम करण्याजोगा आहे, या विधानाला मन हरकत घेतं. काल बसमध्ये एका आजीला जागा दिली, ही घडलेली गोष्ट आहे. तिच्या हेतूवर शंका घेता येते, पण ती घडलीच नाही असं म्हणता येत नाही. आजच्या विचार-वर्तन उपचारपद्धतीत पेशंटला स्वतःविषयीच्या समजुतीविरुद्धचे छोटे छोटे पुरावे रोज वहीत लिहायला सांगतात, त्याची जात हीच आहे. आकार लहान हवा आणि गोष्ट खरी हवी. मोठी घोषणा मनाला पचत नाही.

नाखमान यांच्या या शिकवणीची थेट चाचणी झालेली नाही, हे नमूद करायला हवं. पण ज्यू परंपरेतल्या दुसऱ्या एका धाग्याची झाली आहे. डेव्हिड रोझमारिन आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिंतेनं त्रासलेल्या १२५ धार्मिक ज्यू स्त्री-पुरुषांना यादृच्छिक पद्धतीनं तीन गटांत वाटलं. एका गटाला इंटरनेटवरून देवावरच्या विश्वासाशी जोडलेला दोन आठवड्यांचा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला स्नायू शिथिल करण्याचं तंत्र दिलं आणि तिसरा गट प्रतीक्षा यादीत ठेवला. पहिल्या गटाची चिंता इतरांपेक्षा जास्त कमी झाली. ही सगळी माणसं आधीच श्रद्धाळू होती, हे लक्षात ठेवायला हवं. श्रद्धा नसलेल्या माणसाला हेच औषध लागू पडेल, असं यातून सिद्ध होत नाही. शिवाय धर्माचा उलटा परिणामही संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलेला आहे. देव आपल्याला शिक्षा करतो आहे, त्यानं आपल्याला टाकलं आहे, असं मानणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळते.

मोळे मागणारे विद्यार्थी

एकोणिसाव्या शतकात लिथुआनिया आणि आसपासच्या प्रदेशात मुसार नावाची चळवळ उभी राहिली. मुसार म्हणजे स्वभावाची शिस्त. रबाय इस्राएल सालान्तर हे तिचे प्रवर्तक. नुसता ग्रंथाभ्यास करून माणूस सुधारत नाही, त्यासाठी स्वभावावर रोज मेहनत करावी लागते, असं त्यांचं मत होतं. या चळवळीत पुढे जी घराणी पडली, त्यातली दोन जवळजवळ एकमेकांच्या विरुद्ध टोकांना होती.

एक घराणं स्लाबोदकाचं. कौनास शहराला लागून असलेल्या या वस्तीतल्या धर्मपाठशाळेचे गुरू रबाय नॉस्सन त्स्वी फिंकेल (१८४९–१९२७) विद्यार्थ्यांना सतत एकच गोष्ट सांगत, ती म्हणजे माणसाच्या थोरवीची. आपण कोण आहोत हे कळलं, की हलकी वागणूक आपोआप सुटते, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांचे विद्यार्थी नीटनेटके कपडे घालत, चांगली टोपी घालत. दारिद्र्यातल्या मुलांसाठी कपड्यांचा हा आग्रह वरवरचा वाटेल. पण ज्या समाजाला बाहेरचं जग रोज हिणवत होतं, त्यातल्या मुलाला ताठ मानेनं रस्त्यावरून चालायला शिकवणं हा अभ्यासाचाच भाग होता.

दुसरं घराणं आजच्या बेलारूसमधल्या नोवार्डोकचं, रबाय योसेफ योझेल होरोविट्झ यांचं. तिथे अहं मोडण्यावर भर होता. लोक काय म्हणतील ही भीती घालवायला विद्यार्थ्यांना विचित्र कामं दिली जात. औषधाच्या दुकानात जाऊन मोळे मागायचे, ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट. दुकानदार हसणार, गिऱ्हाइकं हसणार, आणि विद्यार्थी शांतपणे बाहेर येणार. हसण्यानं आपलं काहीच गेलं नाही, हे त्याला प्रत्यक्ष अनुभवानं कळावं, एवढाच त्यामागचा हेतू.

मानसशास्त्र शिकलेल्या कुणालाही इथे अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) आठवतील. एलिस हे ज्यू घरात जन्मलेले, पण पक्के नास्तिक. त्यांनी विकसित केलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी माणसांच्याही परिचयाची झाली आहे. तरुणपणी एलिस मुलींशी बोलायला भयंकर घाबरत. १९ वर्षांचे असताना त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन महिनाभर दिसेल त्या बाकावरच्या बाईशी बोलायचं. १३०जणींशी बोलायचा त्यांनी प्रयत्न केला. तिसेकजणी उठून गेल्या, शंभरजणी बोलल्या. एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. लौकिक अर्थानं पूर्ण अपयश, पण भीती मात्र गेली. पुढे ते पेशंटना केळ्याला दोरी बांधून रस्त्यातून ओढत फिरायला लावत, तेही लाज मोडण्यासाठीच. एलिसनी ही कल्पना नोवार्डोककडून उचलली, असं म्हणायला आधार नाही. पण दोघांनी एकच भीती ओळखली होती आणि तिच्यावर एकाच जातीचं औषध दिलं होतं. एलिस तर पुढे जाऊन म्हणत, की स्वतःला गुण देणंच बंद करा. कामाचं मूल्यमापन जरूर करा, माणसाचं करू नका. २००५मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच आत्मसन्मान हे मिथक आहे असं म्हटलं आहे. मिश्नातल्या न्यायालयापासून हे फार दूर नाही.

नोवार्डोकचा रस्ता सगळ्यांसाठी मात्र नाही. आधीच खचलेल्या माणसाला आणखी मोडायला सांगणं घातक ठरू शकतं. त्याच्यासाठी स्लाबोदकाच बरं.

चूक आणि चूक करणारा

अपराधभावनेचं काय करायचं, याचं ज्यू उत्तर फार व्यवहारी आहे. बाराव्या शतकातले मायमोनिडीस हे धर्मशास्त्री होते आणि वैद्यही होते. पश्चात्तापाची पद्धत त्यांनी एखाद्या उपचारासारखी मांडली आहे. चुकीचं काम थांबवायचं, त्याची खंत वाटू द्यायची, ते तोंडानं स्पष्ट कबूल करायचं आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा. कुणाचं नुकसान केलं असेल, तर आधी ते भरून द्यायचं आणि त्याची माफी मागायची. यात माणूस कसा आहे हा प्रश्नच येत नाही, काय केलं एवढाच येतो. एकदा पश्चात्ताप झाला, की त्याला जुनी चूक ऐकवणं हाच गुन्हा ठरतो.

अमेरिकेतल्या जून टँगनी यांनी अनेक वर्षं अपराधभावना आणि शरम यांतला फरक अभ्यासला. मी वाईट काम केलं, ही अपराधभावना. मी वाईट आहे, ही शरम. पहिली माणसाला दुरुस्तीकडे नेते, दुसरी नैराश्याकडे किंवा रागाकडे. श्नेऊर झालमान यांच्या १७९६मध्ये छापलेल्या ‘तान्या’ या ग्रंथातही असाच भेद आहे. एक कडवट दुःख असतं, ते माणसाला जागं करतं. दुसरी सुस्त उदासी असते, तिच्यात हृदय दगडासारखं होऊन जातं. दोन्हींची सुरुवात एकाच चुकीतून होऊ शकते.

शरम बहुतेक वेळा दुसरा कुणीतरी देतो. म्हणूनच तालमूद या महाग्रंथात चारचौघांत माणसाचा अपमान करणं हे रक्त सांडण्यासारखं मानलं आहे. त्याचं कारणही तिथे जवळजवळ शरीरशास्त्रातलं दिलं आहे. अपमान झालेल्याच्या चेहऱ्यावरची लाली जाते आणि तो पांढरा पडतो. आजच्या विज्ञानानं तोच अपमान हार्मोनमध्ये मोजला आहे. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४मध्ये प्रयोगशाळेतल्या २०८ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. ज्या कामात इतर लोक आपल्याला जोखत आहेत आणि निकाल आपल्या हातात नाही, तिथे कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सगळ्यात जास्त चढलं आणि उतरायलाही सगळ्यात जास्त वेळ लागला. वर्गात फळ्यापुढे उभं करून मुलाला हसवून घेणाऱ्या शिक्षकानं आणि पाहुण्यांसमोर मुलाचे गुण काढणाऱ्या आईबापांनी हा आकडा एकदा तरी वाचावा.

ज्यू जीवनात आत्ममूल्याचा सगळ्यात नियमित सराव होतो तो शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत. या दिवशी ३९ प्रकारची कामं वर्ज्य आहेत. काही करायचं नाही, विकायचं नाही, लिहायचं नाही. आठवड्यातला एक दिवस माणूस काहीच न कमावता जगतो, आणि तरीही तो दिवस सर्वांत मोलाचा मानला जातो. कोकणाला हे नवं नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला आपले पूर्वज लागले, अशी परंपरा सांगणारे बेने इस्राएल लोक रायगडच्या गावांमध्ये तेलाचे घाणे चालवत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली हे नाव दिलं. शब्बाथच्या आज्ञेत नोकराबरोबर बैलालाही सुट्टी सांगितलेली आहे. घाण्याला जुंपलेला बैल ही आपल्याकडे न संपणाऱ्या कष्टाची उपमा. शनिवार तेल्यांचा घाणा थांबला, की त्या दिवसापुरता तोही मोकळा.

ट्वेर्स्कींना त्या टबात जे जमलं नाही, ते शब्बाथ दर आठवड्याला करायला लावतो, हे इथे आठवतं. फरक एवढाच, की शब्बाथला माणूस एकटा नसतो. जेवणाचं टेबल असतं, घरची माणसं असतात, आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. तो आशीर्वाद देण्याआधी मुलाचं प्रगतिपुस्तक कुणी मागत नाही.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. मुद्रा पडलेली, झोप उडालेली, कशातच रस न उरलेला, मरणाचे विचार मनात येणारा माणूस आत्मसन्मान कमी असलेला माणूस नव्हे, तो आजारी असू शकतो. त्याला चांगले बिंदू शोधायला सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला चालायला सांगणं. ट्वेर्स्की रबाय होते, तरी पेशंटला गरज असली की औषध लिहून देत. भारतात सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नि:शुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

योम किप्पूर हा ज्यूंचा वर्षातला सर्वांत पवित्र दिवस, त्या दिवशी कडक उपवास असतो. तालमूदमध्ये त्या दिवसाविषयी एक प्रश्न चर्चेला आला आहे. आजारी माणूस म्हणतो की मला खाण्याची गरज आहे आणि वैद्य म्हणतो नाही, तर कुणाचं ऐकायचं? उत्तर असं दिलं आहे, की आजाऱ्याचं. त्याच्या हृदयाला जे दुखतं, ते त्यालाच ठाऊक. गरज नाही असं म्हणणारे वैद्य एक नव्हे, शंभर असले, तरी त्याला जेवू घालायचं.